माझी गुप्त विनंती

२ मार्च २०२५, रविवार. इंदापूर.

उपासना झाली, वरणभात झाला, पण झोप नाही. डोकं नुसतं भणभणतंय.

पुण्याच्या मिशन कमिटीच्या रेश्मा मॅडमचा मिस्ड कॉल होता. घाईनं परत लावला. युगांडाच्या खेड्यांत रविवारी पोरांची शब्बाथ शाळा घेणारे जे शिक्षक आहेत त्यांना शिकवायला इथून एक माणूस महिनाभर पाठवायचाय, तो ठरला म्हणाल्या. मी म्हणालो, प्रभूची इच्छा, मी तयारच आहे. तर म्हणाल्या, "नाही नाही, बारामतीचे पास्टर ज्ञानेश चाललेत. तुमचे जुने मित्र ना? तुम्हाला आनंद होईल म्हणून पहिला फोन तुम्हालाच."

आनंद! आनंदानं मला घाम फुटला.

ज्ञानेश! धर्मविद्यालयात जो ग्रीकच्या पेपराला माझ्या मागं बसला म्हणून पास झाला, तो ज्ञानेश आता परदेशात शिकवणार. ज्याचं इंग्रजी ऐकून इंग्रजीलाच रडू येईल. आणि मी? दोन वर्षांपूर्वी पासपोर्ट काढून बसलोय. माझाही आणि स्वरूपाचाही, कारण मिशनच्या मासिकात जोडीचा फोटो बरा दिसतो. पॉवरपॉइंट तयार आहे, 'मिशनकार्याचा ईश्वरविज्ञानात्मक पाया', बारा भाग, प्रत्येक स्लाइडला मागं सूर्योदय. चर्चच्या मंडळीसाठी प्रोजेक्टर घ्यायला लावला तो काय लग्नाच्या सीड्या बघायला?

शिवाय मोटरचा दाखला. तो तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. विहिरीवरची मोटर चालू आहे, आवाज दणदणीत, पण खाली फूटव्हॉल्व्ह गळका असेल तर पाणी वर चढत नाही. माणसाच्या प्रार्थनेचंही तसंच. हा दाखला माझा. निरवांगी गावात विहिरीच्या कडेला उभा असताना मला सुचला. ज्ञानेशनं तो बारामतीच्या अधिवेशनात सांगितला आणि लोक ढसाढसा रडले म्हणे. मी सांगितला होता तेव्हा एकानं फक्त विचारलं, मोटर किती हॉर्सपॉवरची?

संकल्प: ज्ञानेशला मनापासून क्षमा करणे. पण आधी त्याची जिरली पाहिजे.


३ मार्च, सोमवार. पहाटे.

मी रोज पहाटे सगळ्या ओळखीच्यांना व्हॉट्सअॅपवर आवाजी मनन पाठवतो. 'पहाटेचे दोन शब्द.' आजचा विषय: गर्व. सुरुवात अशी केली, "कऱ्हेच्या काठी एक झाड होतं. त्याला वाटायचं, आपण आभाळाला टेकलो." नाव कुणाचं घेतलं नाही. बारामतीत कऱ्हा सोडून दुसरी नदी नाही, त्यामुळं ज्याला समजायचं त्याला समजेल. आवाज मुद्दाम कापरा ठेवला.

सात वाजायच्या आत ज्ञानेशचं उत्तर. "आजचं मनन माझ्याशी फार बोललं रे कुंडलिक. मी खरंच त्या झाडासारखा झालोय. धन्यवाद मित्रा." पुढं जोडलेल्या हातांची रांग.

निर्लज्ज.


५ मार्च, राखेचा बुधवार.

लेंटचे उपासाचे दिवस सुरू. उपास धरला. ईस्टरपर्यंत अन्न नाही, फक्त द्रव पदार्थ. स्वरूपा म्हणाली, "तुमाला जमणार हाय का?" बायकोचा विश्वास एवढा.

मुख्य गोष्ट, आज मला मार्ग सापडला. आमच्या मंडळीत रविवारी विनंत्या घेतात. कुणाची म्हैस आटलेली असते, कुणाचा पोरगा दहावीला असतो. ज्याला चारचौघांत सांगता येत नाही तो नुसता म्हणतो, गुप्त विनंती. मग काय आहे ते न विचारता सगळी मंडळी प्रार्थनेला लागते. विनंती पूर्ण झाली की त्यानं उभं राहून साक्ष द्यायची. तोवर प्रार्थना थांबवायची नाही आणि विचारायचंही नाही. हा आमचा नियम आजा-पणज्यापासूनचा.

आता एकट्या माझ्या प्रार्थनेला जोर किती येणार? पण अख्खी मंडळी लागली तर?

विनंती नेमकी असावी म्हणून इथं लिहितो: ज्ञानेशनं युगांडाला जाऊ नये आणि त्या जागी लायक माणूस जावा. त्याला काही व्हावं असं नाही, मी तसला माणूस नाही. फक्त जाऊ नये. पाय मुरगळला तरी पुरे. डावा.


९ मार्च, रविवार.

मांडली. "माझी एक गुप्त विनंती आहे" एवढंच म्हणालो आणि नेमका त्याच क्षणी ज्ञानेश विमानात खिडकीशी बसून ढगांचे फोटो काढतोय असं डोळ्यांपुढं आलं. संतापानं डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते सगळ्या मंडळीनं बघितलं.

सावळाराम आबा आमचे ज्येष्ठ पंच, साखर कारखान्यात वजनकाट्यावर जन्म गेला त्यांचा. ते उठले आणि म्हणाले, "पास्टरसायेब कवा काय मागत न्हायती. आज मागितलंय. आपुन साखळी प्रार्थना धरू." म्हणजे घराघरांनी वेळा वाटून घ्यायच्या आणि दिवसरात्र खंड पडू द्यायचा नाही. सारजामावशींनी पहाटेची पाळी घेतली. या वयात!

भले शाब्बास. ज्ञानेश, आता बघ.


१३ मार्च, गुरुवार.

उपास उत्तम चाललाय. एसटी स्टँडजवळच्या रसवंतीवर उसाचा रस मिळतो. रस द्रव आहे. कुणाला शंका असेल तर त्यानं ग्लास उपडा करून बघावा. विजयसिंह काकांच्या गुऱ्हाळात काकवी मिळते, तीही ओतता येते म्हणजे द्रवच. वाटीभर घेतली. मग आणखी वाटीभर. आमटीबद्दल अजून विचार चाललाय.

घरी आलो तर व्हरांडाभर मक्याच्या कणसांची सालं. स्वरूपा निरवांगीच्या पोरांच्या रविवारच्या वर्गासाठी त्यांच्या बाहुल्या करत बसली होती. सालाला दोऱ्यानं गाठ मारली की डोकं, तुऱ्याचे केस, चिंध्यांचा झगा, आणि झाला मेंढपाळ. पोरांना तेच आवडतं म्हणे. मी म्हणालो, अगं, आपल्याकडं प्रोजेक्टर आहे, पाळकीणबाईनं कचरा हातात घेऊन शिकवायचं शोभतं का? तर म्हणाली, "निरवांगीत कुठं हाय प्रोजेक्टर? मका हाय." आणि पुढचा मेंढपाळ करायला घेतला. वाद घालत बसलो नाही, कारण पोटात जरा गुडगुडत होतं.

आजचं मनन: दुसऱ्याच्या जागेवर बसणाऱ्यांची शेवटी काय गत होते. ज्ञानेशचं उत्तर आलं, "रडलो रे." जोडलेले हात दुप्पट.


१९ मार्च, बुधवार.

निरवांगीला घरगुती प्रार्थनासभा. ऊन असं की डांबर चिकटत होतं. जाताना रसवंतीवर दोन ग्लास घेतले, वर काकवी होतीच.

मी उभा राहून लांब प्रार्थना धरली. अशा प्रार्थनेत ज्याला ऐकवायचं त्याला देवाच्या नावानं ऐकवता येतं, ही आपली फार जुनी सोय आहे. "हे प्रभू, तू जाणतोस कोण कुणाचे दाखले चोरतो" इथवर आलो आणि पोटात अशी कळ आली, अशी कळ आली की आमेनला थांबायची सोय राहिली नाही. डोळे मिटलेल्या लोकांतून वाट काढत उसात पळालो. बराच वेळ गेला. परत आलो तर सगळे तसेच उभे, आणि सारजामावशी पदर तोंडाला लावून मुसमुसतायत. माझा हात धरून म्हणाल्या, "लेकरा, किती दिस झालं असं हुतंय?" मी म्हणालो, चार-पाच दिवस. त्या आणखीच रडल्या.

भावुक आहेत फार. पण प्रार्थनेचा परिणाम झाला हे नक्की.


२४ मार्च, सोमवार.

गुपचूप पुण्याला जाऊन आलो. युगांडाला जायचं तर पिवळ्या तापाची लस आधी लागते. ज्ञानेशचं ऐनवेळी फिसकटलं की कमिटीला हाताशी तयार माणूस हवा. तयार माणूस कोण? पासपोर्टवाला, लसवाला, पॉवरपॉइंटवाला. असा इंदापूर-बारामतीत एकच आहे.

घरी आणि मंडळीत सांगितलं, बहिणीकडं जातोय. लस टोचून दवाखान्याच्या दारातून बाहेर पडतो तर समोर मोना. सावळाराम आबांची सून, तिथंच नर्स आहे हे मी साफ विसरलो होतो. म्हणाली, "पास्टर, तुमी हितं?" मी दंडावर रुमाल दाबून धरला होता. म्हणालो, असंच, कुणाला बोलू नकोस. ती म्हणाली, न्हाय बोलत. पोरगी गुणी आहे, शब्द पाळेल.


३० मार्च, रविवार.

मंडळीत लेंटचा असा परिणाम मी कधी पाहिला नव्हता. उपासनेनंतर बायका माझ्यापुढं अंडी, चिक्कू, डाळिंबं ठेवून गेल्या. एकीनं चक्क पायांना हात लावला, आपल्यात तशी पद्धत नसताना. मी खुर्ची उचलायला गेलो तर तिघं धावले, "राहू द्या, राहू द्या." आणि तरुण संघानं आपण होऊन दफनभूमी साफ केली! बाभळी तोडल्या, कुंपणाला चुना मारला, बोरीखाली सावलीतली एक जागा तर सपाट करून पाणी मारून ठेवलीय. मी विचारलं, ही जागा कुणासाठी रे? सगळे खाली बघायला लागले. विनयशील पोरं.

माझ्या उपासानं आणि रोजच्या मननानं हे सगळं घडतंय. माणूस आतून पेटलेला असला की मंडळीपर्यंत धग पोचतेच.

फक्त स्वरूपा मला निरखून बघते. आज आमटी द्रव पदार्थांत घेतली.


३ एप्रिल, गुरुवार.

हालेलुया!

रेश्मा मॅडमचा फोन. पास्टर ज्ञानेशनी नाव मागं घेतलं. घरगुती कारण आहे म्हणाल्या, आवाज एकदम पडलेला. मी खोल सुस्कारा टाकला आणि म्हणालो, अरेरे. फार छान जमलं ते अरेरे.

ऐकली! शब्द न् शब्द ऐकली! फोन ठेवला आणि स्टँडवर जाऊन दोन प्लेट कांदाभजी खाल्ली. उपास कशासाठी होता? विनंतीसाठी. विनंती पूर्ण झाली, उपास सुटला. साक्ष कशी द्यायची हा प्रश्न आहे, पण ते युगांडाहून आल्यावर बघू.

पोटमाळ्यावरून सूटकेस काढली. संकल्प: ज्ञानेश भेटला तर हसायचं नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, प्रभूच्या योजना आपल्याला कळत नसतात.


६ एप्रिल, रविवार.

हे कसं लिहू?

उपासना चालू होती. मी उपदेशाला उभा. सूट घातला होता, कारण कमिटीचा फोन कधीही येईल. दारातून ज्ञानेश आत आला. खांद्याला बॅग, हातात ढोलकी. सरळ पुढं आला आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारून लहान पोरासारखा रडायला लागला. माझ्या सुटावर.

मग मंडळीकडं वळून म्हणाला, "सारजामावशीचा फोन आला आणि माजं काळीज फाटलं. माजा दोस्त दुखण्यानं पडत चाललाय, कुणाला सांगत न्हाय, गुप्त विनंती म्हणतोय, आणि मी इमानात बसून युगांडाला जाऊ? कशाला जाऊ? आता ह्यो बरा हुईपर्यंत मी हितंच ऱ्हाणार." बारामतीची मंडळी त्यानं महिनाभर मेहुण्याच्या हवाली केलेलीच होती, युगांडासाठी. तोच महिना आता माझ्यासाठी.

सगळी मंडळी हुंदके देत होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गुप्त विनंती, उसातली धाव, पुण्याचा दवाखाना. मोना कुणाला बोलली नव्हती, फक्त सासूला. सासू फक्त सारजामावशींना. आणि बोरीखालची ती जागा! ती माझी होती!

सावळाराम आबा काठी टेकत उठले. "विचारायचं न्हाय ह्यो नियम हाय. पर आज मी मोडतो. पास्टर, तुमची विनंती तब्येतीची हुती का? व्हय का न्हाय, एवढंच सांगा."

न्हाय म्हणायचं तर पुढचा प्रश्न येणार, मग कशाची? समोर ज्ञानेश, नाक लाल, माझा हात दोन्ही हातांत धरून. त्याला सांगू, की तू जाऊ नयेस म्हणून तुझ्यासाठी इतकी माणसं रात्री जागवली?

मी मान हलवली. खालीवर.


७ एप्रिल, सोमवार.

सकाळी सगळ्यांच्या नकळत रेश्मा मॅडमना फोन केला. म्हणालो, माझी तब्येत ठणठणीत आहे, पासपोर्ट आहे, लसही झालीय, कधी निघू? त्या म्हणाल्या, "पास्टर, किती धीराचे आहात तुम्ही. पण पास्टर ज्ञानेशनी सगळं सांगितलंय. तुम्ही आराम करा. कमिटी अशा अवस्थेत कुणाला पाठवत नाही." मी म्हणालो, अहो, मला काही झालेलं नाही! त्या म्हणाल्या, "असंच म्हणतात हो, माझे वडीलही शेवटपर्यंत असंच म्हणायचे."

मग म्हणाल्या, "पाळकीणबाई आहेत का घरात? पास्टर ज्ञानेशनी त्यांच्या मक्याच्या बाहुल्यांचं सांगितलं. तिकडं खेड्यांत वीज नाही, पण मका भरपूर आहे. आम्हाला असंच कुणीतरी हवं होतं."

फोन स्वरूपाला दिला. हातातलं पीठ न धुता तिनं घेतला. ऐकलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "माझा पासपोर्ट हाय तयार. ह्यांनीच काढलाय."

दुपारी मी तिला एकटीला गाठून म्हणालो, नवरा आजारी असताना बायको परदेशी जाते हे लोकांना कसं दिसेल? ती म्हणाली, "तुमाला काय झालंय ते मला राखेच्या बुधवारपास्नं ठाऊक हाय. ते औषधानं जायचं न्हाय." आणि सूटकेसमधले माझे शर्ट काढून पलंगावर ठेवले.


११ एप्रिल, शुक्रवार.

स्वरूपा ज्ञानेशच्या मेहुण्याच्या गाडीतून लस घ्यायला पुण्याला गेली. माझी टोचलेली फुकट.

ज्ञानेश माझा स्वयंपाक करतो. बिनतिखट, बिनतेलाची, पांढरी खिचडी. "पोटाला हलकी." मी म्हणालो, जरा ठेचा दे रे. तर म्हणतो, "ठेचा युगांडाहून वैनी आल्यावर." पहाटे मला उठवतो, दोघांनी मिळून मनन रेकॉर्ड करायचं. आज म्हणाला, "ते कऱ्हेकाठचं झाड पुन्यांदा सांग. माझ्यात लय फरक पडला त्येनं. आधी मला खरंच वाटायचं मी काय तरी हाय." तोंडात खिचडीचा घास होता म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

भजी खायला स्टँडवर निघालो तर दारात तरुण संघ. "पास्टर, उन्हाचं न्हाय फिरायचं." पोरांनी धरून आणून निजवलं.

या माणसाचा सूड मी घेणार म्हणजे घेणारच.


२० एप्रिल, ईस्टर.

आज साक्ष द्यावी अशी सगळ्यांची अपेक्षा. सावळाराम आबांनी तर हार आणून ठेवला होता.

रात्रभर विचार करून ठेवला होता, की उठायचं, बरा झालो म्हणायचं, सुटायचं. ठेचा, भजी, रस, सगळं परत मिळेल. उठलोही. पण समोर पहिल्या ओळीत ज्ञानेश, मांडीवर ढोलकी घेऊन, तोंड असं आशेनं उजळलेलं. आणि विचार आला, मी बरा झालो म्हटलं की हा मोकळा. रेश्मा मॅडम त्याला पुढच्याच खेपेला पाठवतील. म्हणजे मी तर गेलो नाहीच, वर हा जाणार! माझी विनंती काय होती? ज्ञानेशनं जाऊ नये. ती टिकवायची तर मला आजारीच राहायला हवं.

मी म्हणालो, "विनंती अजून पुरी झालेली नाही. चालू ठेवा." आणि खाली बसलो.

मंडळीतून आवाज आला, "अरेरे." माझ्यापेक्षा खरा.

मला उभं राहवत नाही असं सगळ्यांनी ठरवल्यामुळं उपदेश ज्ञानेशनं केला. मोटरचा दाखला! माझ्याच मंडळीत, माझ्याच डोळ्यांदेखत! मी उठणारच होतो, इतक्यात तो म्हणाला, "ह्यो दाखला माझा न्हाय, कुंडलिकचा. बारामतीच्या अधिवेशनात बी हेच म्हणलो हुतो, तवा ह्यो पंगतीला गेलता. मी जितं जितं सांगतो तितं तितं ह्याचं नाव घेतो." मग मोटर, आवाज, गळका फूटव्हॉल्व्ह, सगळं सांगितलं. लोक रडले. माझ्याकडं बघून रडले.

त्या पंगतीत जिलबी होती. मला आठवतंय.


२७ एप्रिल, रविवार.

स्वरूपा गेली. विमानतळावर मला नेलं नाही, दगदग होईल म्हणून. एसटी स्टँडवर निरोप दिला. माझ्याच सूटकेसमध्ये मक्याची सालं भरून नेलीत तिनं. बस सुटताना खिडकीतून म्हणाली, "साक्ष दिली की भाकरी मिळंल. तोवर खिचडी." ज्ञानेशला वाटलं, वैनी विश्वासाचं काहीतरी बोलली. त्यानं डोळे पुसले आणि आमेन म्हणाला.


४ मे, रविवार.

युगांडाहून व्हिडिओ कॉल. चर्चच्या भिंतीवर दाखवला, माझ्या प्रोजेक्टरवर. प्रोजेक्टर पहिल्यांदाच नीट चालला.

एका आंब्याच्या झाडाखाली भरपूर बायका, काही पुरुष, सगळ्यांच्या हातांत मक्याच्या बाहुल्या. मधे स्वरूपा. असं मोकळं हसताना मी तिला घरात बघितलेलं नाही. मराठीत काहीतरी बोलते, दोन इंग्रजी शब्द टाकते, तिथली एक बाई त्यांच्या भाषेत सांगते, आणि अख्खं झाड खो-खो हसतं. बारा भागांची पॉवरपॉइंट कुणी मागितली नाही. इथं सारजामावशी भिंतीजवळ जाऊन स्वरूपाच्या तोंडावरून हात फिरवत होत्या.

शेवटी स्वरूपा म्हणाली, "हितल्या बायकांनी माझ्या घरच्यांसाठी काय प्रार्थना करायची विचारलं. मी म्हणलं, ह्यांची एक गुप्त विनंती हाय. त्यांनी पण साखळी धरलीय, गावागावांतनं. ह्यांनी साक्ष देईपर्यंत सोडणार न्हायत म्हणत्यात." आणि भिंतीतून सरळ माझ्याकडं बघितलं.

झाडाखाली सगळ्यांनी हात वर केले. काय बोलत होते ते मला कळलं नाही, मधे मधे फक्त माझं नाव कळत होतं, कुंडालिका, कुंडालिका. इथं सावळाराम आबांनी काठीवर कपाळ टेकलं. ज्ञानेशनं माझा हात घट्ट धरला, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाला, "प्रभू, ह्यानं तुझ्याकडं जे मागितलंय ते ह्याला जसंच्या तसं दे. काय बी कमी करू नगंस." त्याचे हात खरखरीत झालेत, माझी भांडी घासून.

मी सांगणार होतो. खरंच, तोंड उघडलं होतं.

तिकडचं संपलं, इकडचं संपलं. दोन्हीकडचे सगळे माझ्या आमेनसाठी थांबले.

म्हटलं आमेन.

संध्याकाळी खिचडी.